अतिमानवाच्या कथेतील प्रेम : धागा की ठिगळ?



अंगाला चिकटून बसलेला रंगीत पोशाख घालून आकाशात उडणारे अमेरिकन अतिमानव आपल्या घरात येऊन आता बरीच वर्षे झाली. आपल्या मुला-नातवंडांना त्यांची नावे कुलदैवताच्या नावाइतकी पाठ आहेत. असा विषय वसंतातल्या व्याख्यानाला शोभतो काय, अशी शंका कोणी काढली, तर माझे उत्तर साधे आहे. जी गोष्ट जगभर कोट्यवधी माणसे खिशातले पैसे मोजून पाहतात, ती कशी घडली, कोणाच्या हातांनी घडली आणि कोणाच्या हुकमाने तिला वळण लागले, हे पाहणे इतिहासाचेच काम आहे.

या सुपरहीरो चित्रपटांविषयी एक तक्रार वरचेवर ऐकू येते. जग बुडण्याची वेळ आलेली असते, शत्रू दाराशी उभा असतो, आणि मध्येच नायक-नायिकेचे प्रेमप्रकरण सुरू होते. ते ओढूनताणून आणलेले वाटते. काढून टाकले तरी कथेचे काही बिघडणार नाही असे वाटते. एक पक्ष म्हणतो, या कथा मुळात मारामारीच्या. प्रेम हे त्यांना लावलेले ठिगळ आहे. दुसरा पक्ष म्हणतो, प्रेमावाचून माणूस नाही, मग अतिमानव तरी कसा असेल? दोन्ही पक्ष हिरिरीने वाद घालतात, परंतु हा धागा या कापडात प्रथम आला कोठून, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. ती चौकशी आज आपण करू.

प्रथम एक कसोटी ठरवून घेऊ, आणि ती परदेशातून आणण्याची गरज नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात कथावस्तूच्या पाच अर्थप्रकृती सांगितल्या आहेत : बीज, बिंदू, पताका, प्रकरी आणि कार्य. पताका म्हणजे मुख्य कथेबरोबर लांबवर चालणारे उपकथानक, आणि प्रकरी म्हणजे थोडक्यात आटोपणारे. रामकथेतील सुग्रीवाचा वृत्तांत हे पताकेचे नेहमी दिले जाणारे उदाहरण. सुग्रीवाला त्याचे स्वतःचे दुःख आहे. त्याचे राज्य गेले आहे, पत्नी गेली आहे. तरीही त्याची गोष्ट रामाच्या कार्याला हातभार लावते. सुग्रीव वगळा, म्हणजे सीतेचा शोधच थांबतो. उपकथानकाला स्वतःचा जीव हवा आणि मुख्य कार्यात त्याचा वाटा हवा, एवढीच ही कसोटी. आमच्या गिरणीच्या भाषेत सांगायचे तर, मस्टरवर नाव असून भागत नाही, साच्यावर काम असावे लागते. ज्या प्रेमाला कथेत काम नाही ते उपरे वाटणारच. आणि इतिहास पाहू गेल्यास असे दिसते की, या कथांतल्या प्रेमाला मुळात भरपूर काम होते; ते पुढे काढून घेण्यात आले.

अतिमानवाच्या प्रेमाचे मूळ अतिमानवाच्याही आधीचे आहे. बॅरोनेस ऑर्झी या बाईंची ‘द स्कार्लेट पिम्पर्नेल’ ही कादंबरी १९०५ साली प्रसिद्ध झाली. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत सरदार-घराण्यांतल्या माणसांना फाशीच्या यंत्रापासून सोडवून नेणारा एक गुप्त वीर तीत आहे. उजेडात तो इंग्लंडमधला एक नटवा, मंदबुद्धी श्रीमंत म्हणून वावरतो. त्याची पत्नी मार्गरीत ही पॅरिसची गाजलेली नटी. ती नवऱ्याला तुच्छ लेखते आणि त्या अज्ञात वीराविषयी मनात आदर बाळगते. भावाचा जीव वाचवण्यासाठी तिच्यावर दडपण येते आणि ती त्या वीराचा माग शत्रूला देऊन बसते. तो आपलाच नवरा आहे, हे तिला नंतर कळते. कथेतला सारा पेच या दांपत्यामधूनच निर्माण होतो.

पुढे १९१९ साली जॉन्स्टन मॅकली या अमेरिकन लेखकाने झोरो निर्माण केला आणि १९२० साली डग्लस फेअरबँक्सने तो पडद्यावर आणला. दिवसा आळशी, निरुपद्रवी जमीनदारपुत्र आणि मुखवटा घातला की अन्यायाचा कर्दनकाळ. लोलिता नावाची तरुणी पहिल्याला झिडकारते आणि दुसऱ्यावर भाळते. दोघे एकच आहेत हे तिला ठाऊक नसते. माणसे दोन आणि प्रेमाचा त्रिकोण, असा हा चमत्कारिक हिशेब आहे. गुप्त रूपाची कल्पना आणि हा त्रिकोण जुळ्या भावंडांसारखे एकदमच जन्माला आले. रूप लपवायचे तर ते कोणापासून तरी लपवावे लागते, आणि ज्या व्यक्तीपासून लपवणे सर्वांत कठीण व सर्वांत दुःखाचे, ती प्रेमाचीच असणार.

अमेरिकेतील क्लीव्हलँड शहरात मंदीच्या काळात वाढलेल्या दोन ज्यू तरुणांनी हा वारसा उचलला. जेरी सीगल लिहीत असे, जो शूस्टर चित्रे काढीत असे. दोघांचाही जन्म १९१४ सालचा. त्यांचा सुपरमॅन जून १९३८ च्या ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’ या मासिकाच्या पहिल्या अंकात आला. किंमत दहा सेंट. सुपरमॅनची कथा तेरा पानांची आणि मोबदला पानाला दहा डॉलर, म्हणजे एकशेतीस डॉलर. तेवढ्या रकमेत सुपरमॅनवरचा साराच हक्क प्रकाशकाकडे गेला. माझे आयुष्य कामगार संघटनेत गेल्यामुळे कोणतीही वस्तू समोर आली की, ती कोणी घडवली आणि तिचे मोल कोणाच्या पदरात पडले, हा प्रश्न मला आधी सुचतो. हे एकशेतीस डॉलर आपण ध्यानात ठेवू; प्रेमाच्या गोष्टीशीही त्यांचा संबंध आहे.

त्या पहिल्याच अंकात लोइस लेन आहे, आणि ती वार्ताहर आहे. क्लार्क केंट तिला नाचाला घेऊन जातो. तेथे एक गुंड तिच्याशी दांडगाई करतो. क्लार्क भित्रेपणाचे सोंग घेतो, लोइस मात्र त्या गुंडाच्या थोबाडीत देते आणि क्लार्कला भेकड म्हणून निघून जाते. गुंड तिला मोटारीतून पळवतात आणि सुपरमॅन ती मोटार उचलून आपटतो. डोक्यावर मोटार उचललेल्या वीराचे ते मुखपृष्ठ आज जगप्रसिद्ध आहे. पण ते चित्र एका फसलेल्या प्रेमभेटीचा शेवट आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. ज्यांना प्रेम हे मागाहून लावलेले ठिगळ वाटते, त्यांनी हा पहिला अंक पाहावा.

लोइसचे वार्ताहर असणे ही शोभेची बाब नव्हती. वॉर्नर बंधूंच्या चित्रपटांत १९३७ पासून टॉर्ची ब्लेन नावाची एक चटपटीत बातमीदार बाई येत असे. ग्लेंडा फॅरेल ही नटी ते काम करी. त्या बाईवरून लोइस सुचली, असे सीगलने पुढे सांगितले आहे. बातमीमागे धावणे हा लोइसचा धंदा. त्यामुळे ती संकटात स्वतःच्या पायांनी जाते. ज्या कचेरीत क्लार्क काम करतो तेथेच ती काम करते आणि त्याच्यापेक्षा चांगले करते. सुपरमॅन हा शहरातल्या सर्वांत मोठ्या बातमीचा विषय आणि लोइस ती बातमी शोधणारी. तिचे प्रेम आणि तिचे काम एकाच दिशेने चालतात, आणि दोन्ही त्याच्या गुपिताच्या मुळावर येतात. याहून घट्ट वीण कोणत्या कथेत असेल?

या लोइसमागे एक जिवंत मुलगी होती. क्लीव्हलँडमधल्या एका गरीब घरातल्या तरुणीने, चित्रकारांसमोर बसण्याचे काम हवे, अशी वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती. शूस्टरने तिला बोलावले आणि तिला समोर बसवून लोइसची रूपरेखा काढली. तिचे नाव जोअ‍ॅन. ती स्वतः कामाच्या शोधात बाहेर पडलेली होती. १९४८ साली तिने जेरी सीगलशी लग्न केले.

आता ज्या वळणावर हे प्रेम अडले ते वळण पाहू. १९४० साली सीगलने एक लांब कथा लिहिली. क्रिप्टॉन ग्रहावरून आलेल्या एका धातूमुळे सुपरमॅनची शक्ती जाते, आणि इतरांचे प्राण वाचवण्यासाठी क्लार्कला लोइससमोर आपले खरे रूप उघड करावे लागते. इतके दिवस फसवले म्हणून ती संतापते. मग विचार करून ती त्याच्या कार्यात बरोबरीची साथीदार होण्याचे ठरवते. सुपरमॅन जन्मून अवघी दोन वर्षे झाली होती आणि त्याचा जनक हे प्रेम वाढवू पाहत होता. त्याला पुढचे काम देऊ पाहत होता. प्रकाशकाने ती कथा छापली नाही. हस्तलिखित कपाटात पडून राहिले आणि १९८८ साली कंपनीच्या ग्रंथालयात सापडले.

कथा का छापली नाही, हे समजण्यास फार बुद्धी लागत नाही. लोइसला कळले की त्रिकोण संपला. त्रिकोण संपला की दरमहा खपणारा माल बदलावा लागणार. चालत्या यंत्राला हात लावू नये, असा मालकाचा हिशेब. ज्याने यंत्र बनवले त्याला त्यात सुधारणा करण्याचा अधिकार उरला नव्हता. तो एकशेतीस डॉलरला विकला गेला होता. १९४७ साली सीगल आणि शूस्टर हक्कासाठी न्यायालयात गेले. तडजोडीत हक्क मालकाकडेच राहिले, त्यांचे काम गेले आणि कथांवरून त्यांचे नावही गळाले. लोइसला ते गुपित कंपनीने अधिकृतपणे सांगू दिले १९९१ साली. एक्कावन्न वर्षे ही बाई रोज शेजारच्या मेजावर बसून त्या माणसाला ओळखत नव्हती! वाचकाला हे प्रेम खोटे वाटू लागले असेल तर त्यात नवल कसले? प्रेम स्वभावाने खोटे नव्हते. त्याला वाढण्याची मनाई होती.

प्रेम सक्तीने घुसडल्याचा खराखुरा, तारखेनिशी दाखवता येणारा प्रसंग बॅटमॅनच्या इतिहासात आहे. फ्रेडरिक वर्थम या मानसोपचारतज्ज्ञाने १९५४ साली चित्रकथांवर एक घणाघाती पुस्तक लिहिले. त्या कथा मुलांना बिघडवतात, हा त्याचा मुख्य आरोप. बॅटमॅन आणि त्याचा पोरसवदा साथीदार रॉबिन यांच्या सहजीवनाविषयीही त्याने संशय व्यक्त केला. अमेरिकन सिनेटच्या उपसमितीने चौकशी केली. धास्तावलेल्या प्रकाशकांनी त्याच वर्षी स्वतःवर एक नियमावली लादून घेतली. प्रेमकथांतून घराचे महत्त्व आणि विवाहाचे पावित्र्य ठसवले पाहिजे, असेही तीत कलम होते. दोनच वर्षांनी, १९५६ मध्ये, बॅटमॅनच्या कथेत बॅटवूमन अवतरली. ही बाई श्रीमंत आणि पूर्वी सर्कशीत काम केलेली. तिची हत्यारे कोठे, तर खांद्याच्या पर्समध्ये : लिपस्टिक, पावडरची डबी, बांगड्या! नायकाला एक स्त्री हवी एवढ्यासाठी तिची भरती झाली, आणि १९६४ साली नव्या संपादकाने हात फिरवताच ती नाहीशी झाली. ती गेल्याने बॅटमॅनच्या कथेला कोठे भोक पडले नाही.

लोइसच्या वाट्यालाही हेच आले. १९५८ मध्ये तिच्या नावाचे स्वतंत्र मासिक निघाले आणि १९७४ पर्यंत त्याचे १३७ अंक झाले. नावात मान आधी सुपरमॅनचा : सुपरमॅनची मैत्रीण, लोइस लेन! १९३८ ची थोबाडीत देणारी बातमीदार या मासिकाच्या कित्येक अंकांत सुपरमॅनला लग्नाच्या जाळ्यात ओढण्यासाठी युक्त्या लढवते, दुसरीचा मत्सर करते आणि शेवटी फजीत होते. पगार चालू, पण काम काढून घेतलेले, अशी अवस्था. आपल्या गिरण्यांत अशा माणसाची जी चेष्टा होते तीच तिची झाली.

याच काळात शेजारच्या खात्यात मात्र निराळे काम चालले होते. जो सायमन आणि जॅक कर्बी या जोडीने १९४७ साली ‘यंग रोमान्स’ हे निव्वळ प्रेमकथांचे चित्रमासिक काढले. ते अफाट खपले आणि त्याच्यामागे तशा मासिकांची रीघ लागली. तरुण माणसाचे अवघडलेपण, घरभाड्याची काळजी, बोलून न दाखवलेली गोष्ट, हे सगळे चित्रांत कसे मांडावे, याचे शिक्षण चित्रकारांच्या एका पिढीला या मासिकांतून मिळाले. १९६१ साली कर्बी आणि स्टॅन ली यांनी मार्व्हलसाठी ‘फँटास्टिक फोर’ सुरू केले, तेव्हा त्यातले नायक भांडत, रुसत आणि प्रेम करीत होते. रीड आणि स्यू यांचा विवाह १९६५ साली झाला आणि त्यानंतरही कथा जोमाने चालली. लग्न झाले की खप बुडतो, ही समजूत तेथे खोटी ठरली. १९६२ साली आलेला स्पायडरमॅन प्रथम स्टीव्ह डिटको काढीत असे. १९६६ मध्ये ते काम जॉन रोमिटाकडे आले, आणि रोमिटा वर्षानुवर्षे प्रेमकथांचीच चित्रे काढत आलेला कारागीर. त्याच वर्षी त्याने मेरी जेनचा चेहरा वाचकांना प्रथम दाखवला. तात्पर्य, ज्याला आपण सुपरहीरो कथा म्हणतो तिचे अर्धे सूत प्रेमकथांच्या खात्यात कातलेले आहे. ते बाहेरून आणून चिकटवलेले नाही.

या घट्ट विणीचा पुरावा १९७३ सालचा आहे. स्पायडरमॅनच्या १२१ व्या अंकात ग्वेन स्टेसी मरते. लेखक गेरी कॉनवे, चित्रकार गिल केन. पुलावरून फेकलेल्या ग्वेनला वाचवण्यासाठी नायक जाळ्याचा तंतू फेकतो, आणि त्या झटक्यानेच तिचा जीव जातो. वाचवणाऱ्या हातानेच मारले, हे ओझे त्या नायकाच्या खांद्यावरून पुढे कधी उतरले नाही. याच्या उलट १९९४ सालचा प्रसंग पाहा. ग्रीन लँटर्नच्या ५४ व्या अंकात, थोड्याच अंकांपूर्वी आलेली नायकाची मैत्रीण अ‍ॅलेक्झांड्रा मारली जाते आणि तिचे प्रेत फ्रीजमध्ये कोंबलेले त्याला सापडते. तिच्या मरणाचा उपयोग एवढाच की, नायकाला चीड यावी. गेल सिमोन या बाईंनी १९९९ साली अशा मारलेल्या, छळलेल्या, शक्ती हिरावलेल्या स्त्रीपात्रांची यादीच जाहीर केली आणि त्या फ्रीजचेच नाव यादीला दिले. यादी लांबलचक होती. पुढे या बाई स्वतः त्या धंद्यातल्या नामवंत लेखिका झाल्या.

आता चित्रपटाकडे वळू. हॉलिवूड हा मोठा कारखाना आणि त्याच्या सवयी जुन्या. डेव्हिड बॉर्डवेल प्रभृती अभ्यासकांनी १९८५ साली जुन्या हॉलिवूडवर एक ग्रंथ लिहिला. त्यासाठी त्यांनी कोणतीही आवडनिवड न करता शंभर चित्रपट निवडून तपासले. त्यांतील ९५ चित्रपटांत प्रेमाचा धागा होता आणि ८५ मध्ये तोच मुख्य होता. ज्या कारखान्यातून शंभरातले पंचाण्णव नग प्रेमाचा शिक्का घेऊन बाहेर पडतात, तेथे अतिमानवाच्या कथेवरही तो शिक्का सवयीने बसणार. सवयीने बसलेला शिक्का आणि कथेतून उगवलेले प्रेम यांतला फरक मात्र प्रेक्षकाला बरोबर कळतो.

१९७८ सालचा रिचर्ड डोनरचा ‘सुपरमॅन’ घ्या. क्रिस्टोफर रीव्ह आणि मार्गो किडर. राष्ट्राध्यक्षांच्या विमानाची बातमी आणावयास लोइस हेलिकॉप्टरने निघते आणि अपघात होतो. सुपरमॅनचे शहराला पहिले दर्शन तेथे घडते, म्हणजे तिच्या कामातून घडते. पुढे ती गच्चीवर त्याची मुलाखत घेते, आणि मुलाखत हीच प्रेमभेट होते. अखेरीस ती मरते, तेव्हा मानवाच्या इतिहासात ढवळाढवळ करू नये ही पित्याची आज्ञा मोडून तो काळ मागे फिरवतो. या चित्रपटातून प्रेम वगळा. आरंभ, मध्य आणि शेवट तिन्ही कोसळतील. सॅम रेमीच्या स्पायडरमॅन चित्रपटांचेही तसेच. २००२ च्या चित्रपटाअखेर नायक प्रेमाला नकार देतो, आणि २००४ च्या दुसऱ्या भागात तो नकारच त्याची शक्ती पोखरतो. मेरी जेन हॉटेलात वेटरचे काम करून पुढे रंगभूमीवर उभी राहते; तिचे जगणे त्याच्या वाटेकडे डोळे लावून थांबत नाही.

मग पुढे काय बिघडले? एकेका वीराचे चित्रपट जाऊन अनेक वीरांची साखळी सुरू झाली. प्रत्येक चित्रपटाला मागच्याचा हिशेब द्यायचा आणि पुढच्याची जाहिरात करायची. अशा धावपळीत प्रेमाला दिवस कमी पडतात. २०११ च्या ‘थॉर’ मध्ये जेन फॉस्टर खगोलशास्त्रज्ञ आहे. मूळ चित्रकथेत ती परिचारिका होती, तेव्हा ही बढतीच म्हणायची. परंतु ओळख होऊन चार दिवस होत नाहीत तोच जन्मभराचे प्रेम होते. २०१३ च्या पुढच्या भागात तर तिच्या विद्येला काम उरतच नाही म्हटले तरी चालेल. एक दिव्य द्रव्य तिच्या शरीरात शिरते आणि ते वाहून नेणे एवढेच तिच्याकडे राहते. हुद्दा वाढला आणि काम घटले! कोणी म्हणेल, नायिकेला नोकरी दिली की झाले. तसे नव्हे. दारावरची पाटी आणि हातातले काम यांत अंतर असते.

२०१५ च्या ‘एज ऑफ अल्ट्रॉन’ मधील नताशा आणि ब्रूस बॅनर यांचे प्रेम हे दुसरे उदाहरण. २०१२ च्या चित्रपटात ती त्याला कोलकात्यात गाठते, ते तिच्या कामगिरीचा भाग म्हणून, आणि त्याच्या रागाची भीती मनात घेऊन. भीतीपासून प्रेमापर्यंतचा रस्ता ही खरी गोष्ट होती. ती दाखवलीच नाही. पुढच्या चित्रपटात प्रेम बरेच पुढे गेलेले दिसते.

सर्वांत बोलके उदाहरण शॅरन कार्टरचे आहे. कॅप्टन अमेरिकाच्या २०११ च्या चित्रपटात पेगी कार्टर ही लष्करातली अधिकारी आहे. युद्धाच्या धामधुमीत जुळलेले ते प्रेम नाचाच्या एका अपुऱ्या वचनावर थांबते, आणि २०१९ मध्ये ते वचन पुरे झाले तेव्हा जगभरची चित्रपटगृहे गहिवरली. मधल्या काळात २०१६ च्या ‘सिव्हिल वॉर’ मध्ये पेगीच्या अंत्यविधीनंतर थोड्याच वेळात तिच्या भाचीला, शॅरनला, नायक चुंबन देतो. प्रेक्षक अवघडले, कारण शॅरनला बदली कामगारासारखे दुसऱ्याच्या जागेवर उभे केले होते. पण अन्याय याहून मोठा आहे. नायकाची ढाल त्याला चोरून आणून देताना शॅरन स्वतःची नोकरी आणि सुरक्षितता पणाला लावते. एवढे मोठे काम तिने केले आणि पुढच्या चित्रपटांनी तिचे काय झाले ते विचारलेसुद्धा नाही. २०२१ च्या मालिकेत ती फरारी आणि कडवट झालेली भेटते, तेव्हा तिची तक्रार अगदी वाजवी वाटते.

उलट बाजूची उदाहरणेही याच काळातली आहेत, म्हणून दोष काळाला देता येत नाही. २०१७ च्या पॅटी जेन्किन्स यांच्या ‘वंडर वूमन’ मध्ये जागांची अदलाबदल आहे. अतिमानव स्त्री आहे आणि प्रियकर स्टीव्ह ट्रेव्हर साधा माणूस. तो हेर आहे. शत्रूच्या विषारी वायूची माहिती तोच चोरतो आणि शेवटी तो वायू भरलेले विमान आकाशात नेऊन स्वतःसह उडवतो. त्या प्रेमाला कोणी ठिगळ म्हणत नाही, कारण त्याचे काम मुख्य कार्याला मिळालेले आहे. २०१८ च्या ‘ब्लॅक पँथर’ मधील नाकिया तर या कसोटीचा आदर्शच. ती पळवून नेलेल्या स्त्रियांना सोडवण्याच्या कामगिरीवर आहे. राजा टी’चाला तिला घ्यायला येतो, तेव्हा त्याच्यामुळे तिच्या कामात व्यत्यय आला म्हणून ती रागावते. आपल्या संपन्न राज्याने बाहेरच्या दुबळ्यांना मदत करावी, असे तिचे म्हणणे, आणि चित्रपटाचा मुख्य वादविषय तोच आहे. अखेरीस राजा तिचे म्हणणे मान्य करतो आणि ते काम तिच्या हाती देतो. प्रेमाने राज्याचे धोरण बदलले!

आपल्या मुंबईच्या चित्रपटसृष्टीनेही हा धागा ओळखला होता. शेखर कपूर यांच्या १९८७ च्या ‘मिस्टर इंडिया’ मध्ये सीमा ही बातमीदार आहे. ती अरुणच्या घरात भाडेकरू म्हणून येते, त्या घरातल्या पोरांवर चिडते, आणि प्रेम करते ते न दिसणाऱ्या वीरावर. तो अरुणच आहे हे तिला ठाऊक नाही. झोरोची लोलिता आणि सुपरमॅनची लोइस मुंबईत भाड्याने राहावयास आली, असेच म्हणा ना. हे प्रेम कोणाला उपरे वाटल्याचे मी ऐकले नाही.

मग प्रेम नकोच, असे म्हणणाऱ्यांचे काय? त्यांचेही म्हणणे काही जागी खरे आहे. २०१९ च्या ‘कॅप्टन मार्व्हल’ मध्ये प्रेमप्रकरण नाही. नायिकेला तिची हरवलेली ओळख परत मिळवून देण्याचे काम मारिया ही मैत्रीण करते आणि कथेला उणेपणा येत नाही. जेथे प्रेमाला काम नसेल तेथे ते न आणणे हाच प्रामाणिकपणा. परंतु अमुक चित्रपटात ते फसले म्हणून ते या कथांना परकेच आहे, असे म्हणणे म्हणजे ज्याचे काम काढून घेतले त्यालाच आळशी ठरवण्यासारखे आहे.

शेवटी पुन्हा त्या एकशेतीस डॉलरकडे येऊ. १९७५ साली सुपरमॅनवर मोठा चित्रपट निघणार ही बातमी फुटली, तेव्हा सुपरमॅनचे जनक साठीत होते. शूस्टरची दृष्टी जवळजवळ गेली होती. सीगलने वर्तमानपत्रांना निवेदन पाठवले. चित्रकार मंडळी आणि त्यांची संघटना पाठीशी उभी राहिली. लोकलाज निर्माण झाली. वर्षअखेर कंपनीने दोघांना वार्षिक वीस हजार डॉलर देण्याचे आणि त्यांचे नाव परत छापण्याचे कबूल केले. १९७८ च्या चित्रपटाच्या आरंभी जी दोन नावे दिसतात, ती अशी मिळवलेली आहेत. या सर्व वर्षांत जोअ‍ॅन नवऱ्याच्या बाजूने उभी होती. सीगल १९९६ साली वारला. त्यानंतर तिने आणि मुलीने हक्कांचा लढा न्यायालयात चालू ठेवला. ती २०११ साली वारली. कथेतल्या लोइसला जे काम मालकाने करू दिले नाही, ते बरोबरीच्या साथीदाराचे काम लोइसच्या मूळ रूपाने प्रत्यक्ष आयुष्यात केले.

आणि कथेतल्या लोइसचे काय झाले? १९९६ साली तिचे लग्न लागले. तेही दूरदर्शनवरच्या मालिकेच्या वेळापत्रकासाठी काही वर्षे लांबवून. २०२५ च्या ‘सुपरमॅन’ मध्ये मात्र तिला गुपित आरंभापासून माहीत आहे. ती त्याची मुलाखत घेते आणि दुसऱ्या देशाच्या युद्धात त्याने केलेल्या हस्तक्षेपाविषयी त्याला अडचणीचे प्रश्न विचारते. प्रियकर म्हणून सूट देत नाही. दोघांचे भांडण होते, आणि पुढे त्याला सोडवावयास तीच निघते. सीगलने १९४० साली लिहून ठेवलेले प्रेम पंच्याऐंशी वर्षांनी पडद्यावर असे नांदताना दिसले.

तेव्हा पुढच्या वेळी चित्रपटगृहात एखादे प्रेमप्रकरण ओढूनताणून आणलेले वाटले, तर प्रेमाला दोष देण्याआधी दोन प्रश्न विचारावेत. या प्रेमाने कथेत कोणते काम केले? आणि केले नसेल, तर ते काम त्याच्याकडून कोणी काढून घेतले? पहिल्या प्रश्नाचे उत्तर पडद्यावर मिळते. दुसऱ्याचे बहुधा मालकाच्या कचेरीत मिळते, आणि तेथपर्यंत जाण्याची सवय प्रेक्षकांनी लावून घ्यावी, एवढेच आपणांस सांगावयाचे होते.